मांगलीची कवटी कोणी तपासली?

डायनासोरच्या हाडांची बातमी आली की एखादा वाचक हमखास विचारतो, 'हे तपासलं कोणी?' प्रश्न रास्तच आहे. नागपूरकरांना तर तो जुन्या काळापर्यंत नेता येतो.

हिस्लॉप कॉलेजमुळे स्टीफन हिस्लॉप हे नाव इथे घरोघरी ठाऊक आहे, पण हे मिशनरी पट्टीचे भूगर्भ-अभ्यासक होते हे फारसं कुणी सांगत नाही. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी टाकळीच्या काळ्या दगडातल्या थरांमधून शिंपले, बिया, कीटक गोळा केले. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या वालुकाश्मात त्यांना एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती लंडनला गेली. 'डायनासोर' हे नाव रूढ करणारे रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स म्हटलं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत बसवलं. जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली तसं छापूनही आलं.

आता ओवेनना तपासणार कोण? लेख छापण्यापूर्वी परीक्षकांकडे पाठवण्याची पद्धत तेव्हा रुळत होती. रॉयल सोसायटीने १८३२च्या सुमारास ती सुरू केली, ती एअरी यांच्या ग्रहगतीवरच्या लेखापासून. दोन परीक्षक होते. व्ह्यूएलना लेखाचं कौतुक करायचं होतं, लबकना त्यातल्या चुका दाखवायच्या होत्या. दोघांचं बराच काळ जमेना, शेवटी लबकनी माघार घेतली आणि अहवाल कौतुकाचाच निघाला! परीक्षणाची ही अडचण जन्मापासूनची आहे. पुढे १८४६ साली ओवेनना बेलेम्नाइट या जीवाश्मावरच्या लेखासाठी याच सोसायटीचं पदक मिळालं. चॅनिंग पीअर्स या हौशी अभ्यासकाने तेच काम चार वर्षं आधी केलं होतं, त्याचा उल्लेखही ओवेननी केला नव्हता. दबदबा असला की परीक्षणाची धार बोथट होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांगलीच्या प्राण्याची खरी तपासणी छपाईनंतर झाली. ओवेनचा 'सरपटणारा' प्राणी पुढे उभयचरांत गेला. हिस्लॉप नमुने पाठवत राहिले, म्हणून नागपूरचे कीटक मरे यांनी, वनस्पती बनबरी यांनी, सूक्ष्म कवचधारी रूपर्ट जोन्स यांनी पाहिले. टाकळीचे थर हिस्लॉपनी डायनासोरांनंतरच्या तृतीयक कालखंडात टाकले होते. आज ते डायनासोरांच्या अखेरच्या काळाशी, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीशी, जोडले जातात. थरांचं वय चुकलं, पण दगड आणि ठिकाण यांची नोंद चोख होती, म्हणूनच ती चूक दुरुस्त करता आली.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचंही असंच. तिथल्या विष्ठाश्मांचं, म्हणजे डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणाचं, वर्णन मॅटली यांनी १९३९ साली केलं होतं. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचेच विष्ठाश्म सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर आत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण! गवत डायनासोरांनंतर पसरलं, ही पाठ्यपुस्तकातली समजूत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाने मोडीत काढली.