हरवलेल्या दप्तरांचा शोध : लेखांक ६ – वेब कार्टूनचे बेपत्ता भाग

गेल्या लेखांकात मूकपटांच्या नष्ट झालेल्या रिळांविषयी लिहिताना असे म्हटले होते की, नायट्रेटची फीत ही जळणारी आणि कुजणारी वस्तू असल्यामुळे तिचा नाश हा एका अर्थी पदार्थधर्माचाच परिणाम होय. आज ज्या कलाकृतींचा विचार करावयाचा आहे, त्यांना हे कारण लागू पडत नाही. त्यांना जन्मून फार तर तीसएक वर्षे झाली आहेत, त्यांचे बहुतेक कर्ते हयात आहेत, त्यांच्या प्रेक्षकांनी नुकतीच चाळिशी गाठली आहे, आणि त्यांची हुबेहूब नक्कल करून घेण्यास एक पैचाही खर्च नव्हता. तरीसुद्धा १९९७ ते २००५ च्या सुमारास केवळ इंटरनेटसाठी निर्माण झालेल्या कार्टून-मालिकांपैकी कित्येकींचे भागच्या भाग असे बेपत्ता आहेत की, भागाचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि कोणा जुन्या प्रेक्षकाची अर्धवट आठवण एवढ्याच साधनांवर शोधकाला कामास लागावे लागते.

ही कार्टून ज्या साधनाने बनत, त्याची ओळख करून घेतल्यावाचून हा शोध नीट कळणार नाही. जोनाथन गे आणि त्याचे सहकारी यांच्या फ्यूचरवेव्ह या लहानशा कंपनीने १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. त्या वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाने ती कंपनी खरेदी केली आणि प्रोग्रॅमचे नाव फ्लॅश असे ठेवले. चित्रातील प्रत्येक ठिपक्याची नोंद ठेवण्याऐवजी रेषा कोठून निघते, कशी वळते आणि तिच्या आतील रंग कोणता, एवढाच गणिती तपशील फ्लॅश साठवीत असे. त्यामुळे फाइल अतिशय लहान होई. टेलिफोनच्या तारेवरून ५६ किलोबिटच्या मोडेमने एक मेगाबाइट उतरवून घेण्यास तीनएक मिनिटे लागत, अशा त्या दिवसांत तेवढ्याच आकारात दोन-तीन मिनिटांचे रंगीत आणि बोलके कार्टून सहज बसत असे. एका माणसाला घरच्या संगणकावर चित्रपट काढून तो जगापुढे ठेवण्याची सोय इतिहासात बहुधा प्रथमच झाली, आणि हौशी विद्यार्थ्यांपासून हॉलिवूडच्या दिग्दर्शकांपर्यंत सगळे तिच्याकडे धावले. टिम बर्टनची 'स्टेनबॉय' ही सहा भागांची मालिका २००० साली प्रथम इंटरनेटवरच आली. 'साउथ पार्क'च्या कर्त्यांनी शॉकवेव्ह या साइटशी ३९ लघुपटांचा करार केला होता, त्यातील 'प्रिन्सेस' या मालिकेचे दोनच भाग तयार झाले आणि मजकूर न रुचल्यामुळे ते काम तेथेच थांबले.

या काळाचे सर्वांत बोलके उदाहरण स्टॅन ली यांच्या उपक्रमाचे आहे, म्हणून त्याजपाशी थोडे थांबावयास हवे. स्पायडर-मॅनच्या दोन जनकांपैकी एक असलेले ली १९९८ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यानंतर, पीटर पॉल या भागीदाराच्या साहाय्याने स्टॅन ली मीडिया ही कंपनी स्थापून इंटरनेटच्या क्षेत्रात उतरले. २९ फेब्रुवारी २००० रोजी त्यांच्या 'द सेव्हन्थ पोर्टल' या मालिकेचा मोठा गाजावाजा होऊन प्रारंभ झाला, आणि नव्या युगाचे नवे महानायक आता छापखान्यातून न येता तारेवरून येणार, असा विश्वास पुष्कळांना वाटू लागला. परंतु त्याच वसंतात अमेरिकेच्या शेअरबाजारात इंटरनेट कंपन्यांचे भाव कोसळले. डिसेंबरात कंपनीने जवळजवळ सर्व नोकरवर्गाला निरोप दिला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात दाखल झाला. भागीदार पॉल याजवर शेअरच्या भावात लबाडी केल्याचा खटला होऊन त्याला शिक्षा झाली; ली यांजवर मात्र तसा ठपका आला नाही. कंपनीच्या भागधारकांनी पुढे ली यांच्या जुन्या, जगप्रसिद्ध पात्रांच्या मालकीसाठी वर्षानुवर्षे दावे चालविले आणि ते हरले. त्या दाव्यांच्या कागदपत्रांचे ढीग न्यायालयांच्या दप्तरी सुखरूप आहेत. ज्या साइटसाठी ती कंपनी जन्मली, ती साइट तिच्या मूळ ठिकाणी राहिलेली नाही. पात्रांची किंमत होती म्हणून त्यांना वकील मिळाले, आणि भागांच्या फाइली मालमत्तेच्या यादीत कोणालाही मोलाच्या वाटल्या नाहीत, असेच या सर्व प्रकरणातून दिसते. वेब कार्टून हरवले ते बहुतांशी असे. ते कोणी जाळले नाही आणि कोणी जाणूनबुजून पुसलेही नाही. सर्व्हरचे भाडे थकले, पत्त्याची मुदत संपली, आणि ताबा घेणारा वारस पुढे आला नाही.

येथे वाचक विचारील की, इंटरनेटची जुनी पाने जपून ठेवणारी संस्था तर आहे ना? आहे, आणि तिच्यावाचून हा शोध आरंभताही आला नसता. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापिलेले इंटरनेट आर्काइव्ह जगभरच्या पानांच्या नकला यंत्राकरवी घेत आले, आणि २००१ पासून त्याच्या वेबॅक मशीन या दालनातून त्या सर्वांस खुल्या झाल्या. परंतु नकला घेणारे ते यंत्र पानावर उघड लिहिलेल्या दुव्यांमागूनच जात असे. कार्टूनच्या साइटवर बहुधा प्रथम एक छोटी फ्लॅश फाइल उघडे, आणि खरा भाग ती फाइल आपल्या पोटातील आज्ञेनुसार मागाहून बोलावून घेई. पोटातील ही आज्ञा यंत्राला वाचता येत नसे. परिणामी शोधकाच्या नशिबी कित्येकदा एक रिकामे कवच येते : सजविलेली चौकट, मालिकेचे नाव, भाग उतरत असल्याचे दाखविणारी पट्टी, आणि ती पट्टी मात्र जागची हालत नाही. दुसरी अडचण कायदेशीर शिष्टाचाराची होती. एखाद्या पत्त्याची मुदत संपून तो नव्या धन्याने घेतला आणि त्याने यंत्रांना मज्जाव करणारी सूचना लावली, की त्या पत्त्यावरील पूर्वीच्या धन्याची जुनी पानेही आर्काइव्हात झाकली जात. २०१७ मध्ये संस्थेने या धोरणाचा फेरविचार जाहीर केला, तेव्हा हा अडसर पुष्कळ सैल झाला.

आता प्रत्यक्ष शोधाची रीत पाहू. समजा, एखाद्या मालिकेचा पाचवा भाग हवा आहे. जाणता शोधक प्रथम शकावली तयार करतो : कोणत्या तारखेला कोणता भाग आला, त्याचे नाव काय, आणि ही माहिती कोठून मिळाली, त्या काळच्या बातमीवरून, जाहिरातीवरून की केवळ कोणाच्या स्मरणावरून. स्मरणाची साक्ष तो नोंदवितो, पण वेगळ्या रकान्यात; कारण दोन मालिकांचे प्रसंग माणसाच्या मनात एकमेकांत सहज मिसळतात. नंतर तो वर सांगितलेले रिकामे कवच डिकंपायलर नावाच्या प्रोग्रॅमने उकलतो आणि त्याच्या पोटातील आज्ञा वाचतो. तेथे पाचव्या भागाच्या फाइलचे अस्सल नाव मिळते, आणि ते नाव घेऊन आर्काइव्हाच्या अनुक्रमणिकेत मागणी करता, ज्या फाइलकडे कोणत्याही पानावरून वाट जात नाही, ती फाइल कधी कधी तेथे निमूटपणे पडलेली आढळते. कवच मिळालेच नाही, तर चौथ्या आणि सहाव्या भागांच्या नावांवरून पाचव्याचे नाव ताडून पाहावयाचे. अंकाआधी शून्य होते की नव्हते, अक्षरे मोठ्या लिपीतील की लहान, एवढ्याशा फरकावर कित्येक दिवस अडून राहावे लागते.

ही वाट खुंटली म्हणजे उरतात खासगी संगणक. त्या काळचा इंटरनेट एक्सप्लोरर पाहिलेल्या प्रत्येक फाइलची नक्कल एका तात्पुरत्या कोठारात ठेवी आणि तिच्या नावापुढे चौकटी कंसात १ हा अंक जोडी. जुन्या डिस्कवर असा अंक जोडलेली फ्लॅश फाइल दिसली, तर ती कोणीतरी त्या दिवसांत प्रत्यक्ष पाहिली होती, असा तो बळकट पुरावा होय. नावेही पुसली गेली असतील, तर डिस्कवरील कच्चा मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत चाळून फ्लॅश फाइलची आद्याक्षरे हुडकावी लागतात.

या आद्याक्षरांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण मला या सर्व विद्येचा गाभा त्यांतच दिसतो. फ्लॅशच्या प्रत्येक फाइलच्या मुखाशी तीन अक्षरे असतात. साधी फाइल असेल तर एफ, डब्ल्यू, एस. दाबून लहान केलेली असेल तर सी, डब्ल्यू, एस. त्यांच्या लगत फ्लॅशच्या आवृत्तीचा क्रमांक येतो. चौथी आवृत्ती १९९९ ची, पाचवी २००० ची आणि सहावी २००२ ची. आणि फाइल दाबण्याची सोय सहाव्या आवृत्तीपासूनची. तेव्हा २००० सालचा मूळ भाग म्हणून कोणी फाइल पुढे केली आणि तिचा आरंभ सी अक्षराने होत असला, तर ती नक्कल त्या सालची जशीच्या तशी नव्हे, मागाहून तिच्यावर कोणाचा तरी हात फिरला आहे, असे निश्चित म्हणता येते. ती बनावटच असेल असे नाही. एखाद्या सद्हेतूच्या माणसाने ती पुन्हा साठविली असेल. उलट, जुना क्रमांक असणे हा अस्सलपणाचा दाखला नव्हे, कारण नव्या प्रोग्रॅमनेही जुन्या आवृत्तीची फाइल काढता येते. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून रुमाल गोळा करताना कागद, शाई, मोडीचे वळण आणि मायना यांवरून अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे ज्या साक्षेपाने ठरवीत, त्या साक्षेपाची परंपरा या तरुण शोधकांच्या कामात मला स्पष्ट दिसते, आणि त्यांना पोरखेळ करणारे म्हणून हिणविणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही.

अस्सल फाइलचा एवढा आग्रह कशासाठी, कोणी व्हिडिओ करून ठेवला असेल तर तो पुरेसा नाही काय, असेही विचारले जाते. अटलांटाच्या माइक आणि मॅट चॅपमन या बंधूंनी २००० पासून आपल्या साइटवर चालविलेली 'होमस्टार रनर' ही मालिका या प्रश्नाचे उत्तर देते. तीतील स्ट्राँग बॅड हे पात्र प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरे देत असे, आणि भागाच्या शेवटी पडद्यावरील एखाद्या शब्दावर वा वस्तूवर टिचकी मारली असता एक लपविलेला प्रसंग उघडत असे. व्हिडिओत हा प्रसंग एक तर गळतो, नाही तर शेवटी जोडावा लागतो. तो स्वतः हुडकून काढण्याचा प्रेक्षकाचा वाटा मात्र संपतो. फ्लॅशचे कार्टून हे चित्रपटाइतकेच यंत्रही होते, आणि चालते यंत्र हाती आल्यावाचून कृती हाती आली असे म्हणता येत नाही.

२००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीच्या मालकीची झाली. ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याचे जाहीर केले, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने फाइली चालविणेच थांबविले. त्यामुळे ज्या फाइली वाचल्या होत्या त्याही मुक्या होण्याची पाळी आली होती. ती टळली ती रफल या खुल्या प्रोग्रॅममुळे, जो आज इंटरनेट आर्काइव्हात आणि 'होमस्टार रनर'च्या साइटवरही जुन्या फाइली चालवितो. आणि फ्लॅशपॉइंट या प्रकल्पातील स्वयंसेवकांमुळे, ज्यांनी २०१८ च्या सुमारास संग्रहास आरंभ करून लाखाहून अधिक खेळ आणि कार्टून सुरक्षित केली. वेतन नाही, पदवी नाही, आणि पुष्कळदा हक्कदारांची हरकत येण्याचे भय, अशा स्थितीत हे काम झाले आहे.

या कामात मराठी वाचकाचाही वाटा असू शकतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट जनतेस खुले केल्यानंतर पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतून, कचेऱ्यांतून आणि वसतिगृहांतून ही परदेशी कार्टून पाहिली गेली, फ्लॉपीवर आणि सीडीवर उतरवून मित्रांना दिली गेली. मुंबईहून निघणाऱ्या 'चिप' आणि पुढे 'डिजिट' या मासिकांबरोबर सीडीही येत असत. तारेचा वेग मंद आणि दर मिनिटाचा आकार चढा, म्हणून एकदा उतरविलेली फाइल जपून ठेवण्याची सवय आपल्याकडे होती, आणि तीच आज उपयोगी पडण्यासारखी आहे. तेव्हा वाचकांना विनंती अशी की, माळ्यावरचा जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी आणि कपाटातील सीडींची चवड टाकून देण्यापूर्वी त्यांतील मजकूर एकदा पाहावा. जिचे नाव एसडब्ल्यूएफ या अक्षरांनी संपते अशी, म्हणजे फ्लॅशची, फाइल आढळल्यास तिचे नाव बदलू नये, तारीख बदलू नये, प्रथम तिची एक नक्कल काढावी, आणि ती कोणत्या सीडीवर, कोणत्या साली, कोणाकडून आली हे शेजारी एका कागदावर लिहून मगच ती इंटरनेट आर्काइव्हाकडे द्यावी.