माशावरचा किडा धोक्याचा, की न दिसणारा?

समुद्रापासून लांब असलेल्या देवणी परिसरात ताटात येणारा मासा बहुधा तळ्यातला असतो : रोहू, कटला नाहीतर मृगळ. कधी खवल्यांवर एखादा चपटा किडा चिकटलेला दिसतो. असा मासा खावा का?

तो किडा कोणता?
आर्गुलस, म्हणजे माशाची ऊ. ती माशाचे रक्त शोषते. मासा अंग घासतो, जखमा होतात, वाढ खुंटते. नुकसान मत्स्यपालकाचे होते. माणसाच्या शरीरात ही ऊ जगत नाही. मात्र जखमा चिघळलेला किंवा वास येणारा मासा घेऊ नये.

मग धोका कशात?
कच्च्या माशात. जपान आणि दक्षिण कोरियात आपल्या लेपीसारखा चपटा 'हिरामे' मासा पाळतात आणि कच्चाही खातात. तो खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना जपानमध्ये वाढल्या, तेव्हा माशाच्या मांसात 'कुडोआ' हा सूक्ष्म परजीवी सापडला. २०११ मध्ये जपान सरकारने अन्नविषबाधेच्या कारणांत त्याची नोंद घेतली. असा मासा वरून निरोगीच दिसतो. रुग्णाचा त्रास बहुधा दिवसभरात थांबतो.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा चालेल?
नाही. ईशान्य थायलंडमध्ये रोहूच्याच कुळातले छोटे मासे कच्चे खाण्याची पद्धत आहे. त्यातून एक चपटा कृमी यकृताच्या पित्तनलिकेत शिरतो आणि वर्षानुवर्षे राहतो. त्यामुळे पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच मान्य केले.

घरी काय करावे?
- मासा आतपर्यंत शिजवा. काट्यालगतचे मांस पांढरे होऊन सहज सुटले पाहिजे. कुडोआ ७५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटांत निष्प्रभ होतो.
- लिंबू, मीठ, तिखट लावल्याने परजीवी मरतीलच असे नाही.
- घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबून कच्चा मासा खाऊ नका.
- कच्च्या माशाची विळी, सुरी धुतल्याशिवाय दुसऱ्या अन्नाला लावू नका.

मत्स्यपालकांनी काय करावे?
आर्गुलस दगड, काठ्या अशा टणक वस्तूंवर अंडी घालतो. तळ्यात फळ्या किंवा बांबू सोडून ते ठरावीक दिवसांनी बाहेर काढावेत आणि उन्हात वाळवावेत. पिकावरचे कीटकनाशक मनाने तळ्यात ओतू नये. मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला घ्यावा. ऊ माणसाला होत नाही, पण ते औषध माशातून ताटात येऊ शकते.