स्थूलतेवरील नव्या शस्त्रक्रिया : नावे आणि परिणाम

शास्त्रीय परिभाषेतील नाव केवळ ओळखीपुरते नसते. ज्याला ते दिले जाते त्याविषयी ते एक विधानही करीत असते. विधान अपुरे असले तर त्यावर उभारलेली अपेक्षाही फसते. स्थूलतेवरील शस्त्रक्रियांच्या बाबतीत ही अपेक्षा रुग्णाची असल्यामुळे नावांचा विचार येथे अगत्याचा ठरतो.

‘स्लीव्ह’ म्हणजे बाही. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून बाहीसारखी अरुंद नळी शेष ठेवतात. प्रारंभी हा अतिस्थूल रुग्णांवरील एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ पहिला टप्पा होता. पुढे त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. तिची गणना ‘संकोचक’ वर्गात होते. परंतु भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच निर्माण होत असल्याने भुकेचे नियमनही पालटते. शिवाय नळीतील दाब वाढून आम्ल अन्ननलिकेत चढू शकते. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात (निष्कर्ष २०२२) दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के, तर रूढ बायपासच्या गटात ७ टक्के आढळला. ‘बाही’ हे नाव आकार सांगते, दाब सांगत नाही.

‘मिनी बायपास’ हे नाव याहून अधिक फसवे आहे. रूढ बायपासमध्ये दोन जोड असतात. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत आरंभिलेल्या या पद्धतीत एकच. लघुत्व आहे ते जोडांच्या संख्येत. अन्नमार्गातून वगळलेल्या आतड्याच्या लांबीत नव्हे. फ्रान्समधील २५३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१९) एकजोड पद्धतीत २०० सेंटिमीटर आतडे वगळले होते. दोन वर्षांनी वजनातील घट दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच भरली. परंतु शस्त्रक्रियेशी संबंधित गंभीर उपद्रव एकजोड गटात ४२, तर रूढ गटात २४ होते. त्यांपैकी कुपोषणाचे अनुक्रमे ९ व ०. पित्त जठरात येण्याचा धोका वेगळाच. स्थूलता-शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ च्या निवेदनात ‘मिनी’ व ‘एकजोड’ ही दोन्ही नावे जोडून वापरली, यावरून नामकरणाचा प्रश्न किती अवघड होता हे ध्यानात येते.

यावरून या शस्त्रक्रिया त्याज्य ठरत नाहीत. वजन घटण्याबरोबरच मधुमेह व रक्तदाब आटोक्यात येणे हा अनेकांना मोठाच लाभ होय. तथापि ‘उपद्रव’ या आयुर्वेदीय संज्ञेत मूळ व्याधीच्या मागून येणारी व्याधी असा जो अर्थ आहे, तो येथे नेमका लागू पडतो. जोडातून गळती, रक्तस्राव हे उपद्रव काही दिवसांत दिसतात. लोह, ब-१२ व प्रथिने यांची उणीव मात्र वर्षांनंतरही उद्भवते, आणि म्हणून रक्ततपासणी व पूरक जीवनसत्त्वे आजन्म लागतात.

संमतिपत्रावर रुग्ण सही करतो ती एका नावाखाली. ‘मिनी’ऐवजी तेथे ‘एकजोड बायपास’ असे लिहिले, तर निदान लहानपणाचे खोटे आश्वासन त्यास मिळणार नाही. आजन्म उपचाराची अट मात्र कोणत्याही नावात मावत नाही. ती स्वतंत्रपणे सांगावीच लागते.