फिल्टरमध्ये साठलंय ते काजळी की राख?

कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये गाड्यांचा धूर मोजतात. खाली पौड रोडवर डिझेल पिकअप थांबत-थांबत माल पोचवतो, आणि बीएस-६ गाडीचा फिल्टर (२०२० पासून सक्ती) तिथेच तुंबतो. काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. इंजिन जादा डिझेल सोडून ती उष्णता आणतं, हेच रीजनरेशन. मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट. वर थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच!

आता खरी गोम. सेन्सर काजळी मोजत नाही, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजतो. राखही तो वाढवते, आणि राख जळत नाही. म्हणून आलेखावर लगेच ‘काजळी’ लिहू नका. पूर्ण रीजनरेशननंतर किती फरक उरतो, ते आधी बघा.