कोरीवकाम म्हणजे जुनेपण नव्हे
घरातील जुनी खुर्ची भंगारात देण्यापूर्वी तिचे पाय पाहावेत

खडवली : कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या मध्ये, भातसा नदीच्या परिसरात खडवली वसले आहे. या पट्ट्यातील जुनी कौलारू घरे उतरवून त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरचे आणि पडवीतले लाकडी सामान अंगणात येते. अशा वेळी नक्षीने भरलेला पलंग राखून ठेवला जातो. सरळ पायांची, वेताने विणलेली साधी खुर्ची मात्र भंगारवाल्याच्या टेम्पोत चढण्याची शक्यता अधिक. नक्षी जितकी दाट तितकी वस्तू जुनी, हा समज त्यामागे असतो. फर्निचरचा इतिहास अनेकदा नेमके उलटे सांगतो. साधी, सरळ रेषांची वस्तू ही त्या कोरीव पलंगाच्या आधीच्या शैलीची असू शकते. या शैलीला 'निओक्लासिकल' अर्थात नवअभिजात शैली म्हणतात.

राखेखालची प्रेरणा

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील श्रीमंतांच्या दिवाणखान्यात 'रोकोको' शैलीचे राज्य होते. वळणदार पाय, शिंपल्यांची नक्षी आणि कुठेही सरळ रेषा नको, असा तिचा थाट. मात्र इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई या रोमन शहरांचे उत्खनन अनुक्रमे १७३८ आणि १७४८ मध्ये सुरू झाले आणि अभिरुचीचे वारे फिरले. प्राचीन रोमन घरांतील भिंतीचित्रे, दिवे, आसने प्रत्यक्ष पाहायला मिळाली. प्रमाणबद्धता आणि संयम यांना पुन्हा मान मिळाला.

इंग्लंडमध्ये वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडम याने ही शैली रुजवली. पुढे जॉर्ज हेपलव्हाइट याचा नमुनासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये, तर थॉमस शेरेटन याचा संग्रह १७९१ ते १७९४ या काळात प्रसिद्ध झाला. या पुस्तकांतील आकृत्या समोर ठेवून गावोगावचे सुतार खुर्च्या घडवू लागले. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईच्या काळात पाय सरळ आणि खाली निमुळते झाले. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेनंतर त्यात स्फिंक्स आणि गरुड यांची भर पडली. थॉमस होप याने १८०७ मध्ये ग्रीक आसनांवर बेतलेले नमुने प्रसिद्ध केले. तलवारीच्या पात्यासारखे बाहेर वळलेले पाय हे त्या काळातील खुर्च्यांचे वैशिष्ट्य.

मुंबईतील अवतार

मुंबईकरांना ही शैली फर्निचरपेक्षा इमारतींतून अधिक परिचयाची आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेला फोर्टातील टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची वास्तू, तिच्या समोरील ग्रीक धाटणीच्या स्तंभांमुळे लगेच ओळखू येते. तेच स्तंभ लहान करून टेबलाला लावले की नवअभिजात फर्निचरचा पाय तयार होतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी यांच्यासाठी येथील सुतार विलायती नमुन्यांवरून सामान घडवू लागले, तेव्हा हवामानाने त्यात बदल केले. विलायतेत महोगनीचा पातळ पापुद्रा स्वस्त लाकडावर सरसाने चिकटवण्याची पद्धत होती. दमट हवेत हा पापुद्रा सुटतो. म्हणून येथे भरीव सागवान आणि शिसव वापरले गेले. उकाड्यामुळे गादीऐवजी वेताची विणलेली बैठक आली. छावणीत न्यायच्या पेट्यांना आणि टेबलांना पितळी कोपरे बसवले गेले, सुटे करता येणारे पाय लावले गेले. म्हणूनच येथील खुर्ची विलायती खुर्चीसारखी दिसली तरी उचलताना जड लागते.

नक्षीचे युग त्यानंतरचे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः व्हिक्टोरिया राणीच्या काळात, मुंबईचे जाळीदार कोरीव शिसवी फर्निचर प्रसिद्धीस आले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनातही ते मांडले गेले होते. या सामानात पुन्हा रोकोकोची वळणे आणि त्यावर देशी वेलबुट्टी दिसते. १८५५ मध्ये रेल्वे कल्याणहून वासिंदपर्यंत पोहोचली आणि मुंबईच्या बाजारातील वस्तू खडवलीच्या पट्ट्यात येण्याची वाट सोपी झाली. घरातील कोरीव पलंगाचे मूळ या नंतरच्या लाटेत असण्याचा संभव मोठा आहे.

कसे ओळखावे?

प्रथम पाय पाहावेत. नवअभिजात शैलीत ते सरळ, खाली निमुळते आणि पुष्कळदा उभ्या खोबण्यांचे असतात. नक्षी मोजकी असते : कलश, पानांची माळ, गोल फूल, वीणेसारखे 'लायर' हे वाद्य किंवा काटकोनात वळणारी ग्रीक किनार.

शैली ओळखली म्हणजे वय ठरले असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेरेटन आणि अ‍ॅडम यांच्या नमुन्यांची विलायतेतच नव्याने लाट आली, आणि नकला आजही होतात. त्यासाठी वस्तू उलटी करून पाहावी लागते. खणाच्या तळावर गोलाकार चरे असतील तर ते लाकूड यंत्राच्या गोल करवतीने कापलेले आहे. सरळ, वेडेवाकडे चरे हातकरवतीचे. पण आपल्याकडे हातकरवत विसाव्या शतकातही चालत असल्याने तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. जुन्या हातघडीच्या स्क्रूचे टोक बोथट असते. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू साधारण १८५० नंतरचे. गोल टेबलाची फळी टेपने मोजावी. लाकूड वर्षानुवर्षे आडव्या बाजूने आकसते, त्यामुळे खऱ्या जुन्या टेबलाचा व्यास रेषांच्या दिशेने थोडा अधिक आणि आडवा थोडा कमी भरतो. स्क्रू बदलता येतो, ही आकसण मात्र सहजासहजी बनवता येत नाही.

कायदा आणि काळजी

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय शिसवाच्या संपूर्ण प्रजातीवर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे 'साइट्स' नियंत्रण आहे. तेव्हा परदेशातील नातेवाइकांना आजोबांचे टेबल पाठवण्याचा बेत करणाऱ्यांनी आधी चौकशी करणे इष्ट.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पुष्कळदा घरातच होते. जुने लाखेचे पॉलिश पॉलिशपेपरने घासून त्यावर चकचकीत रासायनिक थर दिला की लाकडावरील काळाची छटा कायमची जाते आणि वस्तूचे मोलही घटते. मऊ कोरड्या कापडाने पुसणे, ओल आणि थेट ऊन टाळणे, वाळवी लागली असल्यास वेळीच उपाय करणे आणि सुटलेली विणकाम वेताचीच करून घेणे एवढे पुरेसे असते.

मुंबईत भेंडीबाजारानजीकच्या मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, असे सामान आजही विक्रीला असते. तेथे गिऱ्हाईक खुर्चीचे पाय निरखून, ती उलटी करून मग भाव विचारते. भंगारवाला मात्र वजनावर किंवा नगावर भाव करतो. घर उतरवण्याआधी एक दिवस काढून प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी आणि खालून छायाचित्र घ्यावे, ती कोणी व केव्हा आणली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. टेम्पो एकदा निघून गेला की ही माहिती विचारायला वस्तूच उरत नाही.