मळा नव्हे, माळ

वडूजच्या पेठेत पिढ्यान् पिढ्या दुकान चालवणाऱ्या घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मुलगा वा मुलगी शिकून परतते आणि म्हणते, “गादीवर बसण्याआधी मला वेगळे काही करून पाहायचे आहे; थोडे भांडवल द्या.” खटाव तालुक्यातील आपण माणसे दुष्काळ पाहिलेली. पाऊस हुकला की उधारी थकते, हे आपल्या अंगवळणी पडलेले. म्हणून उत्तर बहुधा ठरलेले असते, “आहे ते सांभाळ.” या उत्तराला मी भित्रेपणा म्हणणार नाही, अशाच सावधपणावर आपली दुकाने टिकली. तरीही आपल्याच तालुक्यातील औंध संस्थानाचा एक जुना व्यवहार मला स्वस्थ बसू देत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. मुंबईत शिक्षकाची नोकरी केली. बढती डावलली गेल्यावर ती सोडून बेळगावी आले. तेथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्यातच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली.

आता वही उघडून विचार करा. मालाला उठाव नाही, जागा गेलेली, ठरलेली नोकरी स्वतःहून सोडलेली. अशा गृहस्थाला आपल्यापैकी कोणी उभे केले असते? मी तरी केले नसते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी केले. १९१० मध्ये त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली आणि कर्जही दिले. तेच आजचे किर्लोस्करवाडी.

बाळासाहेब स्वतः चित्रकार, नव्याची ओढ असलेले. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहतही त्यांच्याच राज्यात उभी राहिली. परंतु कुंडलच्या व्यवहारात मला त्यांच्या धाडसाइतकाच हिशेबीपणा दिसतो. दिलेली जमीन निवडुंगाने भरलेली, ओसाड होती. राजाने मळा दिला नाही, माळ दिला. कारखाना बुडाला असता तर कर्ज गेले असते, माळ मात्र जागेवरच राहिला असता. शिवाय, मला वाटते, आपण व्यापारी आधी खप पाहतो. त्यांनी आधी वस्तू पाहिली आणि ती घडवणारा माणूस पाहिला.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने घेवडा निवडून, पाकिटबंद करून थेट पुण्याच्या गिऱ्हाइकांना विकण्याचा बेत मांडला. घरात दोन दिवस वाद झाला. थोरल्या वहिनींचा विरोध होता आणि तो रास्त होता. अखेर, बुडाली तरी दुकानाची फळी बंद होणार नाही एवढीच रक्कम वेगळी काढली आणि स्वतंत्र वहीत त्याच्या नावे मांडली.

पहिल्या हंगामात माल ओलसर राहिला. पाकिटांत किडा पडला आणि निम्मा घेवडा परत आला. यंदा पुतण्याने अजून पैसे मागितलेले नाहीत. गच्चीवर घेवडा वाळत घातला आहे आणि रोज संध्याकाळी चार दाणे दाताखाली धरून पाहतो. परवा वहिनीही चार दाणे उचलून पाहत होत्या.