एक चिमटा पडला, आणि...

इंटरव्ह्यूमध्ये एचआरवाल्यांचा एक लाडका प्रश्न असतो. 'मधली ही दोन वर्षं काय करत होतात?' माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या सीव्हीत तर गॅपच गॅप, त्यामुळे दुसऱ्यांच्या गॅपमध्ये मला भलताच इंटरेस्ट असतो. त्यातली सगळ्यात जबरी गॅप सापडली ती परळमध्ये. केईएमच्या अंगाने जाताना ज्याच्या नावाची संस्था लागते, त्या हाफकिनच्या करिअरमध्ये.

वाल्देमार हाफकिन. जन्म १८६०, गाव ओडेसा, डिग्री प्राणिशास्त्राची. म्हणजे हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. एवढं लक्षात ठेवा, पुढे ते महागात पडणार आहे. धर्माने ज्यू. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापकी मिळाली असती, पण गड्याने नाही म्हटलं. शेवटी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये चिकटला तो चक्क लायब्ररीत. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात जंतू. त्यातून कॉलऱ्याची लस तयार झाली आणि जुलै १८९२ मध्ये त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. कॉलऱ्याचे पेशंट सगळ्यात जास्त कुठे मिळणार? हिंदुस्थानात. १८९३ मध्ये स्वारी इकडे दाखल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बंदरातलं शहर, दाटीवाटीच्या चाळी, पळापळ. सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून बोलावून घेतलं आणि ऑफिस काय दिलं? ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि एक व्हरांडा. स्टाफ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. आज एसी बंद पडला म्हणून आपण मेल टाकतो, जाऊ दे.

त्या खोलीत त्याने जे केलं ते मला जाम आवडतं. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागायचा. इथे गाय चालणार नाही आणि डुक्करही चालणार नाही, हे त्याला कुणी प्रेझेंटेशन देऊन सांगावं लागलं नाही. त्याने बोकडाचं मांस वापरलं. आणि त्या अर्कावर तरंगत ठेवले तुपाचे थेंब! तुपाच्या थेंबाखाली जंतू धाग्यांसारखे लोंबत वाढायचे. फ्लास्क हलवला की धागे तळाशी बसायचे आणि वर नवे उगवायचे. मग सगळे जंतू उष्णतेने मारायचे, की लस तयार. प्लेगवरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातल्या तुपावर वाढला, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर बायोलॉजीचं पुस्तक मी दोनदा उघडलं असतं.

तीन महिने हे चाललं. एका असिस्टंटचं मानसिक संतुलन बिघडलं, दोघे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्यापेक्षा मोठ्या डोसमध्ये. ताप आला, सुई टोचली तिथे ठणका लागला, तो सहन केला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली. ज्यांनी घेतली त्यांच्यात प्लेगच्या केसेस इतरांपेक्षा कितीतरी कमी निघाल्या.

तेव्हाच्या लोकांनी रांगा लावल्या असतील असं वाटत असेल, तर कोविडची आठवण काढा. सुईची भीती तेव्हाही होतीच. त्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये गेल्या, आणि जूनमध्ये चापेकरांनी रँडला गोळ्या घातल्या. अशा वातावरणात सरकारी खात्यातला परका माणूस म्हणणार, दंड पुढे करा! तरी तिसऱ्या आगाखानांसारखी माणसं त्याच्या मागे उभी राहिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. व्हरांड्यातून थेट गव्हर्नरच्या बंगल्यात, असलं प्रमोशन कुणाला मिळतं?

बाटली नंबर ५३ एन

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव (आता ते पाकिस्तानात आहे). त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. एकाच बाटलीतून, म्हणजे ५३ एन मधून ज्यांना दिली ते १९ जण धनुर्वात होऊन गेले. बाकी ८८ जणांना काहीही झालं नाही.

१९ माणसं. सीव्हीतल्या गॅपची गंमत करता करता इथे येऊन मी थांबले. ही माणसं विश्वासाने आली होती. त्यांच्यासाठी कुणाला तरी जाब विचारायलाच हवा होता. विचारला, पण चुकीच्या माणसाला.

सरकारी कमिशनने ठरवलं की घाण परळच्या प्रयोगशाळेतच मिसळली. हाफकिनने कार्बोलिक अ‍ॅसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, ते डोळ्यांवर आलं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हीच पद्धत दोन वर्षं चालू होती, हे कुणी मनावर घेतलं नाही. त्यात तो डॉक्टर नाही, इंग्रज नाही, सैन्याच्या मेडिकल सर्व्हिसमधला तर नाहीच. त्याला पदावरून दूर केलं. १९०४ मध्ये तो युरोपात परतला.

खरी गोष्ट चौकशीच्या कागदांत होती. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून जंतुरहित करायला हवा होता, पण नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून पुन्हा वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. शिवाय बाटली उघडल्यावर डॉक्टरने वास घेतला होता, तो नेहमीसारखाच होता. ते जंतू परळहून आले असते तर चाळीसेक दिवसांत बाटलीला दुर्गंधी सुटली असती. हे सगळं लिहिलेलं होतं! पण कागदपत्रं बाहेर यायला १९०६ साल संपत आलं.

मग रोनाल्ड रॉस मैदानात उतरला. हा तोच, सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधून नोबेल मिळवणारा. १९०७ मध्ये त्याच्यासह दहा शास्त्रज्ञांचं पत्र 'द टाइम्स'मध्ये छापून आलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही पुरावे तपासले, हाफकिनवरचा ठपका टिकला नाही. शेवटी त्याला परत बोलावलं.

पण परळची खुर्ची तोवर भरलेली होती. त्याला कलकत्त्याला पाठवलं, तिथे रिसर्च चालू राहिला, पण माणसांवर लसीच्या चाचण्या घ्यायला परवानगी नाही. ज्याचं सगळं करिअर लोकांच्या दंडावर उभं होतं, त्याला सांगितलं, दंडाला हात लावू नकोस. निर्दोष ठरण्याचा हा सरकारी फंडा मला अजून झेपलेला नाही. १९१४ मध्ये तो निवृत्त झाला.

परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव १९२५ मध्ये दिलं गेलं. तेव्हा तो युरोपात होता. पाच वर्षांनी लोझानमध्ये वारला.